डिलीट केलं तरी फाइल तेवढीच! ब्लॉकमधली मोकळी जागा जाते कुठे?

कोरी_पाटी
मंडळी, दोन प्रश्न आहेत. दोन्ही बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

पहिला: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आमचं एक टेबल आहे, पाठवलेल्या संदेशांची नोंद ठेवणारं. आकार ४८ जीबी. वर्षापेक्षा जुन्या नोंदी कुणी बघत नाही म्हणून शनिवारी रात्री त्या उडवल्या. चारातल्या तीन ओळी गेल्या. सकाळी मोठ्या हौसेने आकार बघितला तर ४८ जीबी. साधं व्हॅक्यूम चालवलं. पुन्हा ४८. डिस्कवर ९ जीबी उरलेत आणि इशाऱ्याच्या मेलांचा पाऊस पडतोय. एक वरिष्ठ म्हणतात "व्हॅक्यूम फुल मार" (म्हणजे अख्खं टेबल नव्याने लिहून काढ), दुसरे म्हणतात "मारलंस तर माझ्या डेस्ककडे फिरकू नकोस".

दुसरा: ही सिस्टिम आधी ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसवर होती. तेव्हाच्या स्क्रिप्ट चाळताना याच टेबलावर पीसीटीफ्री ८० लिहिलेलं दिसलं. म्हणजे प्रत्येक ब्लॉक (फाइलीचा ८ केबीचा तुकडा) ८० टक्के रिकामा ठेवा? ८ लिहिताना शून्य जास्तीचं पडलं की काय? इथे आम्ही एकेक जीबीसाठी रडतोय आणि तिकडे कुणीतरी मुद्दाम रिकामं ठेवत होतं!

रिकामटेकडा
धाग्याचं नाव वाचून वाटलं माझ्याबद्दलच आहे. आलो.

पानगळ
पहिल्याचं उत्तर. डिलीट म्हणजे दारावरची पाटी काढली, बिऱ्हाड आतच आहे. पोस्टग्रेस ओळ पुसत नाही, तिच्यावर "या व्यवहाराने (ट्रान्झॅक्शनने) मारली" एवढी खूण करतो, कारण त्याच वेळी दुसरं कुणी जुनं चित्र वाचत असू शकतं. ती ओळ आता कुणालाच दिसणार नाही हे ठरलं की व्हॅक्यूम जागा मोकळी करतं. पण मोकळी करतं ती त्या फाइलीच्या आत, त्याच टेबलाच्या पुढच्या ओळींसाठी. ऑपरेटिंग सिस्टिमला काही परत करत नाही.

अपवाद एकच. फाइलीच्या शेवटची पानं (ब्लॉकलाच पोस्टग्रेसमध्ये पान म्हणतात) सलग पूर्ण रिकामी झाली तर व्हॅक्यूम शेपूट कापतं. तुमच्या जुन्या ओळी बहुधा फाइलीच्या सुरुवातीला आहेत आणि ताज्या शेवटी. शेवटच्या पानावर एक जिवंत ओळ असली तरी कापाकापी तिथेच थांबते.

कोरी_पाटी
अच्छा! म्हणजे नव्या ओळी आता सुरुवातीच्या रिकाम्या पानांत बसतील? त्याला कुठलं पान रिकामं आहे हे कळतं कसं? ४८ जीबी म्हणजे ६० लाखांच्या वर पानं झाली.

पानगळ
प्रत्येक टेबलाशेजारी एक छोटी फाइल असते, मोकळ्या जागेचा नकाशा. एका पानाला एकच बाइट. पान ८१९२ बाइटचं, बाइटमध्ये २५६ पायऱ्या, म्हणजे ३२ बाइटच्या पायरीने अंदाज. "या पानात निदान इतकी जागा आहे" एवढंच त्यात लिहिलेलं. वर झाडासारखी रचना, प्रत्येक फांदीवर खालच्यांपैकी सर्वांत मोठा आकडा. १०० बाइटची जागा हवी असेल तर शेंड्यापासून खाली उतरत दोन-चार पावलांत पान सापडतं. सगळी पानं उघडून बघत बसत नाही.

जुनं_खोड
आजच्या पोरांना हे आयतं मिळालंय. पोस्टग्रेस ८.४ च्या आधी, म्हणजे २००९ पूर्वी, हा नकाशा शेअर्ड मेमरीत असायचा आणि किती पानं लक्षात ठेवायची तो आकडा आपण कॉन्फिगरेशनमध्ये द्यायचा. आकडा कमी पडला की वरची पानं तो चक्क विसरायचा. जागा आहे, पण माहीतच नाही! टेबल फुगत जायचं आणि आपण व्हॅक्यूमला शिव्या घालत बसायचो. बदलायचा तर सर्व्हर बंद करून चालू करा. मी तो आकडा अंदाजाने दुप्पट करत करत एक पूर्ण वर्ष काढलंय.

खडूस
एवढं पुराण कशाला? डिस्क वाढवा आणि झोपा.

घुबड
रात्रपाळीचा ओरॅकलवाला हजर. खडूस, डिस्क वाढवली की फाइल मोठी राहते. फाइल मोठी राहिली की पूर्ण टेबल वाचणारी क्वेरी रिकामी पानंसुद्धा वाचते. बॅकअप मोठा. मेमरीतल्या बफरमध्येही अर्धवट भरलेली पानं जागा अडवतात. डिस्क हा त्यातला सगळ्यात किरकोळ खर्च.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. कोरी_पाटी, त्या टेबलात ओळ पहिल्यांदा पडते तेव्हा किती बाइटची असते आणि नंतर किती होते?

कोरी_पाटी
पाठवताना फक्त क्रमांक, वेळ, स्टेटस. साधारण ६० बाइट. मग समोरून पोच येते, एररचा मजकूर, मार्ग वगैरे भरलं जातं. तेव्हा ३०० च्या आसपास.

घुबड
झालं, मिळालं उत्तर. कागद घ्या. ब्लॉक ८ केबी, शीर्षक वगैरे सोडून ८००० बाइट धरू.

पीसीटीफ्री न सांगता टेबल केलं तर ओरॅकल १० धरतो. म्हणजे ७२०० बाइट भरेपर्यंत नव्या ओळी आत येणार. ६० च्या हिशोबाने १२० ओळी. उरले ८००. आता पोच यायला लागली, प्रत्येक ओळ २४० बाइटने फुगणार. ८०० मध्ये किती फुगतील? तीन. चौथी आली की जागा संपली. मग ओरॅकल ती ओळ उचलून दुसऱ्या ब्लॉकात नेतो आणि जुन्या जागी चिठ्ठी ठेवतो: "इथे राहत नाही, तिकडे बघा". हे स्थलांतर. इंडेक्सला (कुठली ओळ कुठे आहे ते सांगणाऱ्या सूचीला) यातलं काही माहीत नसतं, तो जुनाच पत्ता देतो. एक ओळ वाचायला दोन ब्लॉक. आणि हे १२० पैकी तब्बल ११७ ओळींच्या नशिबी येऊ शकतं. खरं तर थोड्या कमी, कारण निघून गेलेल्यांची जागा मागे राहिलेल्यांना मिळते. पण चित्र तेच.

हिशोब असा करायचा: शेवटच्या आकारातून सुरुवातीचा वजा करा आणि शेवटच्या आकाराने भागा. ३०० वजा ६०, २४०. भागिले ३००. ऐंशी टक्के!

८० टक्के राखीव ठेवलं तर १६०० बाइटमध्ये २६ ओळी येतात, आणि त्या २६ फुगून ७८०० होतात. ब्लॉक जवळपास काठोकाठ, चिठ्ठी एकही नाही. ज्याने तो ८० लिहिला त्याला साष्टांग नमस्कार.

कोरी_पाटी
बाप रे. मी मीटिंगमध्ये त्या ८० वर हसले होते.

समासातला
घुबड यांचं गणित पटत नसेल त्यांनी जुनी पत्त्यांची वही आठवावी. एका पानावर नावं खेटून लिहिली की कुणी घर बदललं की पंचाईत. मग बारीक अक्षरात "पान ४३ बघा". तीन वर्षांनी निम्म्या वहीत पान ४३. हुशार माणसं प्रत्येक नावाखाली दोन ओळी सोडायची.

रिकामटेकडा
आणि आमच्याकडे पान ४३ वर लिहिलेलं असायचं "पान ६१ बघा".

घुबड
ते ओरॅकलमध्ये होत नाही. ओळ पुन्हा हलली तर तो मूळ ठिकाणची चिठ्ठी बदलतो, चिठ्ठीची साखळी वाढवत नाही. तुमच्या वहीपेक्षा बरा.

अनुस्वार
अवांतर. पण या धाग्यात सगळे दोन वेगळ्या गोष्टींना एकच "रिकामी जागा" म्हणताहेत आणि गोंधळ तिथेच आहे. मराठीत शब्द आयते आहेत. पीसीटीफ्री म्हणजे राखीव जागा: कोण येणार ते ठाऊक आहे, तो अजून आलेला नाही. कोरी_पाटीच्या डिलीटनंतर उरली ती पडीक: होता तो गेला, नवा कधी येईल सांगता येत नाही. एकीचा खर्च ठरवून केलेला, दुसरीचा अंगावर पडलेला.

आणि ब्लॉकला ठोकळा म्हणणाऱ्यांनो, "पान" हा सुंदर शब्द असताना हे पाप का?

जुनं_खोड
राखीव-पडीक झकास. पानाबद्दल मात्र असहमत. ओरॅकलवाल्याला पान म्हणा, तो चहूकडे बघतो. तिथे ब्लॉकच.

बिट्टी
मोबाइलवाल्यांची बाजू. मोबाइल अ‍ॅपमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्येही हेच. पूर्ण रिकामं झालेलं पान मोकळ्या पानांच्या यादीत जातं, फाइल तेवढीच राहते. पानाच्या आत मोकळे तुकडे एकमेकांना साखळीने जोडलेले असतात. तुकडा ४ बाइटपेक्षा लहान असला तर साखळीत घेताच येत नाही, कारण साखळीची कडी लिहायलाच ४ बाइट लागतात! अशा चुऱ्याची फक्त बेरीज पानाच्या शीर्षात ठेवतात.

आणखी एक. पुसलेला मजकूर वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बाइटरूपाने तिथेच असतो. "वापरकर्त्याचा डेटा डिलीट केला" असं छातीठोक सांगण्याआधी फाइल एकदा हेक्स एडिटरमध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून बघा. मी बघितली होती. त्यानंतर त्या प्रोजेक्टमध्ये सुरक्षित डिलीटची सेटिंग चालू झाली.

खडूस
हा मुद्दा मात्र कामाचा. बाकी मी माझ्या मतावर ठाम. सगळ्या टेबलांना सरसकट ३० टक्के राखीव ठेवा, कोण एकेकाचं गणित मांडत बसणार?

घुबड
असं करणाऱ्यांचं घर मी आवरलंय, म्हणून पोटतिडकीने सांगतो. एका ठिकाणी गेलो तर सगळ्या स्कीमाला (टेबलांच्या अख्ख्या संचाला) ३०. त्यातली निम्म्याहून जास्त टेबलं अशी, की ओळ एकदा पडली की तिला आयुष्यात कुणी हात लावत नाही. तिथे पीसीटीफ्री ० ते ५ पुरे. ती राखीव जागा कधीच भरणार नव्हती, म्हणजे अनुस्वारांच्या भाषेत जन्मतःच पडीक. आणि जे एक टेबल खरंच फुगत होतं त्याला ३० पुरत नव्हतं.

त्यावर कळस म्हणजे कुणीतरी नंतर आकडा बदलून "सुधारणा केली" म्हणून जाहीर केलं होतं. आकडा बदलल्याने आधी स्थलांतरित झालेल्या ओळी परत येत नाहीत. टेबल हलवून पुन्हा मांडावं लागतं, आणि साध्या पद्धतीने हलवलं की इंडेक्स निकामी होतात, ते परत बांधायचे.

हं, शून्य ठेवतानाही एक काळजी. ओरॅकलमध्ये एखाद्या ब्लॉकात एकाच वेळी किती व्यवहार चालू आहेत त्यांची नोंदही ब्लॉकातच असते, प्रत्येकी २४ बाइट. ब्लॉक ठासून भरला आणि नवा व्यवहार आला तर ती नोंद लिहायलाही जागा नाही. मग ओळ मोकळी असूनही तो ताटकळतो. हे कोडं मला सुटायला दोन रात्री लागल्या होत्या, कारण सगळे लॉक कुणाचं आहे तेच शोधत होते.

समासातला
पीसीटीयूज्ड नावाचं पण काहीतरी होतं ना?

घुबड
होतं. भरत भरत राखीव रेषेला टेकला की ब्लॉक मोकळ्यांच्या यादीतून बाहेर. मग डिलीट होत होत वापर ४० टक्क्यांच्या खाली आला तरच परत यादीत. मधलं अंतर मुद्दाम, नाहीतर एक ओळ गेली की आत, एक आली की बाहेर, यादीची नुसती ये-जा. पण त्या यादीच्या तोंडाशी सगळ्या सेशनची (एकाच वेळी जोडलेल्यांची) झुंबड उडायची, सगळ्यांना पहिलाच ब्लॉक हवा. ओरॅकलच्या ९आय आवृत्तीत यादीऐवजी बिटमॅप आला: ब्लॉक भरलेला आहे की पाव, अर्धा, पाऊण मोकळा, एवढाच ढोबळ अंदाज, आणि वेगवेगळ्या सेशनना वेगवेगळे ब्लॉक. त्या पद्धतीत पीसीटीयूज्ड लिहिलंत तरी तो दुर्लक्ष करतो. पीसीटीफ्री मात्र अजून चालतो.

ढापण्या
मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हरही ढोबळच. पानाला एक बाइट, त्यात रिकामं, ५० टक्क्यांपर्यंत भरलेलं, ८० पर्यंत, ९५ पर्यंत, १०० पर्यंत अशा पायऱ्या. असं नोंदीचं एक पान ८०८८ पानांचा हिशोब ठेवतं. क्लस्टर्ड इंडेक्स (ज्याच्या क्रमाने ओळी मांडतात तो) नसलेल्या हीप टेबलात तिथेही घुबडांची चिठ्ठी असते, फक्त नाव वेगळं. बाकी चालू द्या.

कोरी_पाटी
वाचनखूण साठवली. पण मग पोस्टग्रेसमध्ये फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं तो आकडा) २० करू का? ते पीसीटीफ्री ८० चंच भावंडं ना?

पानगळ
थांबा! भावंडं आहे, पण स्वभाव वेगळा. ओरॅकल ओळ जागच्या जागी फुगवतो. पोस्टग्रेस प्रत्येक अपडेटला ओळीची पूर्ण नवी प्रत लिहितो, जुनी तशीच ठेवून. म्हणून इथे राखीव जागेचं काम म्हणजे नवी प्रत त्याच पानावर बसवणं. ती बसली तर इंडेक्सला कळवावंही लागत नाही, जुन्याकडून नव्याकडे पानातल्या पानात बोट दाखवलं जातं. याला हॉट म्हणतात, ८.३ पासून आहे.

पान आतून कसं दिसतं ते बघा म्हणजे पटेल. सुरुवातीला २४ बाइटचं शीर्ष. त्याखाली ४-४ बाइटचे दर्शक, वरून खाली वाढणारे. ओळी मात्र पानाच्या तळापासून वर रचत येतात. मधली पोकळी म्हणजे मोकळी जागा. दोन्ही बाजू भेटल्या की पान भरलं. इंडेक्समध्ये पत्ता असतो "पान अमुक, दर्शक तमुक". त्यामुळे मेलेल्या प्रती काढून उरलेल्या ओळी तळाकडे सरकवल्या तरी पत्ता बदलत नाही, फक्त दर्शकातला आकडा बदलतो. आणि ही झाडझूड व्हॅक्यूमची वाट बघत नाही. पान भरत आलं असेल तर नुसतं वाचायला आलेली क्वेरीसुद्धा जाता जाता करून टाकते. म्हणून एकच जागा पुन्हा पुन्हा वापरात येते आणि २० इतकं टोक सहसा गाठावं लागत नाही. ५० ने सुरुवात करा, मोजा, मग ठरवा.

पण त्याआधी सांगा: स्टेटसच्या रकान्यावर इंडेक्स आहे का?

कोरी_पाटी
आहे. का?

पानगळ
मग कितीही जागा राखा, हॉट होणार नाही. बदललेला रकाना कुठल्याही बी-ट्री (नेहमीच्या प्रकारच्या) इंडेक्समध्ये असला की नवी प्रत सगळ्या इंडेक्सना कळवावी लागते. आणि "फक्त प्रलंबित ओळींपुरता इंडेक्स करतो" ही पळवाटही चालत नाही, इंडेक्सच्या अटीतला रकानाही त्यात धरला जातो.

रिकामटेकडा
पाहुण्यांसाठी अर्धं घर रिकामं ठेवलं आणि दाराला कुलूप.

जुनं_खोड
मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण एक गोष्ट खटकते. व्हॅक्यूम झालं, पण खरंच जागा मोकळी झाली का? सविस्तर आउटपुट बघा. "मेलेल्या आहेत पण अजून काढता येत नाहीत" अशी ओळ आहे का? कुठेतरी व्यवहार उघडा ठेवून कुणी घरी गेलं असेल, तर व्हॅक्यूम नुसती प्रदक्षिणा घालून येतं.

कोरी_पाटी (दोन दिवसांनी)
जुनं_खोड, तुमच्या तोंडात... असो. आहे! जवळपास सगळ्याच ओळी "अजून काढता येत नाहीत". सेशनची यादी काढली तर एक व्यवहार शुक्रवार दुपारपासून उघडा. कुणाचा? माझाच. डिलीट करण्याआधी किती ओळी जातील ते मोजायला उघडलेली खिडकी, आयसोलेशन वरचं लावलेलं (म्हणजे सुरुवातीचं जुनं चित्र शेवटपर्यंत धरून ठेवणारं), मागे मिनिमाइझ होऊन पडलेली.

ती बंद केली, परत व्हॅक्यूम. फाइल ४८ च, पण नकाशा आता सुमारे ३५ जीबी मोकळे दाखवतोय. तेव्हापासून फाइल एका बाइटनेही वाढलेली नाही. इशारे येतात, पण डिस्कचा आकडा ९ वर स्थिर.

खडूस
मग आता व्हॅक्यूम फुल मारा ना. ३५ जीबी पडीक कशाला ठेवता?

पानगळ
९ जीबीत कसं मारणार? ते जिवंत ओळींची पूर्ण नवी प्रत बनवतं, १२ जीबी हवेत, शिवाय नवे इंडेक्स, शिवाय बदलांचा लॉग. ती होईपर्यंत जुनी फाइल सोडत नाही. आणि तेवढा वेळ टेबल वाचायलाही बंद.

आधी इंडेक्स बघा. इंडेक्सचं पान अगदी पूर्ण रिकामं झालं तरच पुन्हा वापरात येतं. एक नोंद जरी उरली तरी अडून बसतं, अर्धवट पानं पोस्टग्रेस आपणहून एकत्र करत नाही. (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन इनोडीबी निम्म्याखाली गेलेलं पान शेजाऱ्यात मिसळायचा प्रयत्न करतो, तेवढं त्याचं कौतुक.) आवृत्ती १२ पासून काम चालू ठेवून इंडेक्स पुन्हा बांधता येतो. एकेक करून बांधा, लहानापासून.

कोरी_पाटी (आठवड्याने)
अहवाल देते.

इंडेक्स ११ जीबी होते, पुन्हा बांधल्यावर ३. म्हणजे डिस्कवर ९ चे १७ मोकळे झाले. इशारे थांबले.

स्टेटसवरचा इंडेक्स कोण वापरतं ते शोधलं: महिन्यातून एकदा चालणारा एक रिपोर्ट. तो आता वेळेच्या इंडेक्सवर चालतो, चार मिनिटं जास्त घेतो, कुणाची तक्रार नाही. स्टेटसचा इंडेक्स काढून टाकला.

व्हॅक्यूम फुल मारलं नाही. त्याऐवजी महिन्यागणिक विभागलेलं नवं टेबल केलं, फिलफॅक्टर ५०. नव्या ओळी तिकडे. पुढे जुना महिना उडवायचा तर पूर्ण विभागच काढायचा, फाइलच जाते, डिलीटची भानगड नाही. जुनं टेबल वर्षभराने अख्खं काढणार. तोवर नव्याला महिन्याला १ जीबीच्या हिशोबाने १२ लागतील, जास्तीत जास्त १३-१४ धरू, १७ आहेत.

खडूस
वर्षभर ३५ जीबी पडीक! मला झोप लागणार नाही.

घुबड
डिस्क वाढवा आणि झोपा.

पानगळ
कोरी_पाटी, नव्या टेबलात हॉटचं प्रमाण किती येतंय? आकडेवारीच्या व्ह्यूमध्ये एकूण अपडेट आणि हॉट अपडेट असे दोन रकाने आहेत.

कोरी_पाटी
कालपर्यंत १०० तले ९३. जुन्या टेबलात शून्य होते, अक्षरशः शून्य. फिलफॅक्टर ६० करून बघू का, की राहू दे?

पानगळ
पुढच्या महिन्याच्या विभागाला ६० लावा आणि दोन्हींचे आकडे इथे टाका.